नंबर आणि नाक यांच्या मधला माणूस

लग्नकार्यात कुणी विचारलं, "काय करता हल्ली?" आणि मी म्हटलं, "चष्म्यांचं काम करतो", की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर का?" त्याला नाही म्हटलं की दुसरा, "अच्छा, म्हणजे दुकान आहे होय!" विचारणाऱ्याचा आवाजही तेवढ्यात जरासा उतरतो. त्यात त्यांची काही चूक नाही. डॉक्टर आणि दुकानदार या दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस असतो, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. इंग्रजीत त्याला डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन म्हणतात. मराठीत त्याला धड नावही नाही. चष्मेवाला म्हणायचं आणि पुढे जायचं.

नात्यातल्या मंडळींसाठी आधी काम काय ते सांगतो, मग इतिहासाकडे वळतो. डॉक्टर किंवा ऑप्टोमेट्रिस्ट डोळे तपासून नंबर काढतात आणि कागदावर लिहून देतात. त्या कागदापासून तुमच्या नाकावर बसलेल्या चष्म्यापर्यंतचा सगळा प्रवास आमचा. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं (याला आम्ही पीडी म्हणतो), चेहऱ्याला आणि नंबराला झेपेल अशी फ्रेम सुचवायची, काच कुठली घ्यायची ते ठरवायचं, काचेचा मध्य नेमका बाहुलीसमोर येईल असं बघायचं, काड्या कानामागे वळवायच्या आणि शेवटी माणसाला समोर बसवून "आता बघा" म्हणायचं. नंबर बरोबर असूनही चष्मा चुकू शकतो, हे या कामात पहिल्या सहा महिन्यांतच कळतं. पण जगाला हे कळायला बरीच शतकं लागली. आजचं चष्मापुराण त्याबद्दलच आहे.

चष्म्याचा शोध कुणी लावला ते नाव इतिहासाला माहीत नाही. जिओर्दानो दा रिवाल्तो नावाच्या एका धर्मोपदेशकाने १३०६ मध्ये फ्लॉरेन्सला दिलेल्या प्रवचनात सांगितलं, की चष्मे बनवायची कला सापडून वीस वर्षंही झालेली नाहीत आणि ती शोधणाऱ्या माणसाला मी स्वतः भेटलो आहे. एवढं सांगून नाव मात्र सांगितलं नाही! यावरून शोधाचं साल १२८६ च्या आसपासचं धरतात. पिसा शहरातल्या एका मठाच्या बखरीत अलेस्सांद्रो देल्ला स्पिना नावाच्या साधूची नोंद आहे. हा १३१३ मध्ये वारला. कुणीतरी पहिल्यांदा चष्मा बनवला, पण कृती सांगायला तो तयार नव्हता. स्पिनाने मग तो पाहून स्वतः बनवला आणि आनंदाने सगळ्यांना शिकवला, असं त्या नोंदीत आहे. आमच्या धंद्याची सुरुवात ही अशी आहे. शोधणाऱ्याने कृती झाकून ठेवली आणि शिकवणाऱ्याने ती वाटून टाकली.

फसवणूकही लगेचच सुरू झाली असावी, कारण नियम फार लवकर आले. व्हेनिसमध्ये स्फटिकाचं काम करणाऱ्या कारागिरांचा संघ होता. साधी काच स्फटिक म्हणून विकू नये, असा दंडक या संघात १३०० च्या सुमारास दिसतो. लगेच पुढच्या वर्षी, १३०१ मध्ये, काचेचे चष्मे बनवायला मोकळीक मिळाली, पण काच ही काच म्हणूनच विकायची या अटीवर. म्हणजे चष्म्याचा शोध लागून पंधरा वर्षं होतात न होतात तोच गिऱ्हाइकाला काय सांगून विकायचं याचा नियम झाला होता.

पण त्या काळी नंबर कसा ठरवत? तर वयावरून! मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने १४६२ मध्ये फ्लॉरेन्समधल्या आपल्या वकिलाला पत्र पाठवून तीन डझन चष्मे मागवले. एक डझन लांबचं दिसण्यासाठी, म्हणजे तरुणांचे. एक डझन जवळचं दिसण्यासाठी, म्हणजे म्हाताऱ्यांचे. आणि एक डझन सर्वसाधारण नजरेचे. चार वर्षांनी, १४६६ मध्ये, त्याच्या मुलाने दोनशे मागवले, तेही तीस ते सत्तर वयापर्यंत दर पाच वर्षांचा एकेक गट करून. दरबाऱ्यांना वाटून टाकण्यासाठी. आज आपण दिवाळीला मिठाईचे पुडे मागवतो तसेच.

हसू नका, कारण आपल्या मराठीनेही नेमकं हेच केलं आहे. जवळचं वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. चाळीस वय झालं की डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागतं, पोथी लांब धरावी लागते आणि एक दिवस हात अपुरे पडतात. भाषेने चष्म्याला वयाचंच नाव देऊन टाकलं. 'चष्मा' हा शब्द फारसीतून आला (चश्म म्हणजे डोळा), पण 'चाळिशी' अस्सल घरची. आणि ते नाव शास्त्राला धरूनही आहे. दूरचा नंबर नसलेल्या माणसाला जवळचा नंबर केवढा लागेल, हे आजही वयावरून बऱ्यापैकी सांगता येतं.

आपल्याकडे चष्मा कधी आला, याचा शोध घेतला तो पुण्यात. भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर एक लांबलचक लेख लिहिला होता. बटाटा, अत्तरं, फटाके, जिलबी अशा कुणी लक्ष न दिलेल्या गोष्टींचे धागे जुन्या पोथ्यांतून काढत बसणारा हा माणूस. विजयनगरच्या काळातले मोठे मध्व आचार्य व्यासराय (निधन १५३९) यांचं सोमनाथ कवीने संस्कृतात चरित्र लिहिलं आहे. त्यात ते डोळ्यांवर भिंगं लावून पोथी वाचत असल्याचा उल्लेख आहे, आणि गोड्यांनी त्याकडे लक्ष वेधलं. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले होते आणि विजयनगरशी त्यांचा व्यवहार होता, तेव्हा चष्मा त्यांच्याकडूनच आला असावा. म्हणजे एका संन्याशाच्या नाकावर युरोपातली चाळिशी, आणि ती चारशे वर्षांनी पुन्हा सापडली पुण्यातल्या एका पोथीखान्यात!

असो. परत युरोपात जाऊ.

छपाई वाढली तशी वाचणारे वाढले आणि चष्मे विकणारे फेरीवाले गावोगाव हिंडू लागले. पाटीत चष्म्यांचा ढीग. एक लाव, नाही दिसलं, दुसरा लाव. स्पेनमध्ये दाझा दे वाल्देस याने १६२३ मध्ये सेव्हिलला एक पुस्तक छापलं. त्यात भिंगांना अंश लावून चष्मा निवडायची पद्धत सांगितली आहे. पण पाटीवाल्यांनी काही ते वाचलं नसणार. लंडनमध्ये चष्मा बनवणाऱ्यांच्या संघाला १६२९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाची सनद मिळाली, आणि या संघाला वाईट माल पकडून नष्ट करण्याचा अधिकार होता. तो त्यांनी वापरलाही. १६७१ मध्ये बावीस डझन चष्मे पकडले. काचाही वाईट आणि फ्रेमाही वाईट. संघाच्या पंचांनी निकाल दिला आणि कॅनन स्ट्रीटवर, 'लंडन स्टोन' नावाचा जो पुरातन दगड आहे त्याच्यावर ठेवून, ते सगळेच्या सगळे हातोडीने फोडून टाकले. भर रस्त्यात, लोकांसमोर. या प्रसंगातली एक गोष्ट मला फार आवडते. निकालात काच आणि फ्रेम दोन्हींचा उल्लेख आहे. फ्रेम वाईट असेल तर चष्मा वाईट, हे त्या पंचांना कळत होतं.

आता फ्रेमबद्दल. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण पहिली चारशेहून जास्त वर्षं चष्म्याला काड्याच नव्हत्या. हातात धरा, नाकावर चिमटा लावा, नाहीतर दोरीने बांधा. कानशिलावर टेकणाऱ्या ताठ काड्या लंडनच्या एडवर्ड स्कार्लेट या चष्मेवाल्याच्या जाहिरातीत १७३० च्या सुमारास दिसतात. वरवर ही सोय वाटते. पण काड्या आल्यामुळे काच डोळ्यांसमोर एका ठरावीक जागी, ठरावीक अंतरावर आणि न फिरता राहू लागली. पुढचं सगळं शास्त्र या दोन काड्यांवर उभं राहिलं.

ते असं. १८२५ मध्ये केंब्रिजचा एक तरुण गणिती, जॉर्ज एअरी, याने आपल्याच डाव्या डोळ्याचा अभ्यास मांडला. त्या डोळ्याला बिंदू हा बिंदू दिसत नव्हता, रेघ दिसत होती. डोळ्याचा गोलावा एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी. थॉमस यंगने हा दोष १८०१ मध्येच वर्णन केला होता. एअरीने गणित करून त्यावरची काच ठरवली आणि इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराकडून घासून घेतली. ज्याला आपण आज 'सिलिंडर नंबर' म्हणतो तो हा. पुढे एअरी ब्रिटनचा राजज्योतिषी झाला. फुलरचं फक्त आडनाव इतिहासात राहिलं.

सिलिंडरची गंमत अशी, की ही काच कोनात बसवावी लागते. कागदावर अ‍ॅक्सिस म्हणून जो आकडा असतो तो हा कोन. काच फ्रेममध्ये पाच अंशांनी फिरली तर सुमारे सतरा टक्के दोष तसाच राहतो. तीस अंशांनी फिरली तर तो नंबर लावला काय आणि न लावला काय, दोष होता तेवढाच उरतो, फक्त वेगळ्या दिशेला. आता सांगा, पाटीतून निवडून ही काच कशी मिळणार? एअरीच्या काचेपासून चष्मा 'निवडायची' वस्तू राहिली नाही, एकेका माणसासाठी 'करायची' वस्तू झाली.

डॉक्टर मंडळी या विषयात खऱ्या अर्थाने शिरली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्याचा पडदा बघायचं यंत्र जगापुढे आणलं. हॉलंडमध्ये स्नेलेनने १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता काढला (आपण सगळ्यांनी एक डोळा झाकून वाचलेला). डोंडर्सचा डोळ्यांच्या नंबरांवरचा मोठा ग्रंथ १८६४ चा. १८७२ मध्ये मोनोये या फ्रेंच डॉक्टरने डायॉप्टर हे माप सुचवलं, तोवर काचांचे नंबर इंचांत असायचे आणि इंचही देशोदेशी वेगळा. हिशेब केलात तर लक्षात येईल, की चष्मेवाला नंबर काढायच्या शास्त्रापेक्षा जवळजवळ पावणेसहाशे वर्षांनी मोठा आहे. पण शास्त्र आलं आणि धाकट्याने थोरल्याला विचारलं, तू कोण?

हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये तीन डॉलरवरून पेटला. चार्ल्स प्रेंटिस हा तिथला चष्मेवाला, जर्मनीत शिकून आलेला, गणितात तल्लख. १८९२ मध्ये त्याने एक गिऱ्हाईक हेन्री नॉयस या मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं. त्यातून निघालेल्या पत्रव्यवहारात प्रेंटिस डोळे तपासण्याचे तीन डॉलर घेतो, ही गोष्ट वादाची ठरली. वस्तू विका, तिचे पैसे घ्या, पण सल्ल्याची फी घेणं हे डॉक्टरांचं काम, असा आक्षेप. प्रेंटिसचं म्हणणं, मला जे येतं त्याचे पैसे मी का घेऊ नयेत? भांडण वाढलं, डॉक्टरांकडून कारवाईच्या धमक्या आल्या, चष्मेवाल्यांनी संघटना बांधली. अमेरिकेतला पहिला ऑप्टोमेट्रीचा कायदा मिनेसोटात १९०१ मध्ये झाला, न्यूयॉर्कमध्ये १९०८ मध्ये. आणि एका धंद्याचे दोन झाले. नंबर काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट एका बाजूला, कागद घेऊन चष्मा करणारे ऑप्टिशियन दुसऱ्या बाजूला.

या प्रेंटिसचं नाव आम्ही रोज घेतो, पण त्या भांडणासाठी नव्हे. 'प्रेंटिसचा नियम' म्हणून एक छोटंसं गणित आहे. काचेचा मध्य बाहुलीपासून जितके सेंटिमीटर सरकला, त्याला काचेच्या नंबराने गुणा. तेवढा प्रिझम तयार होतो. म्हणजे प्रकाश वाकडा येतो आणि डोळ्याला त्याच्यामागे वळावं लागतं. समजा नंबर उणे सहा आहे. बाहुल्यांमधलं अंतर साठ मिलिमीटर, पण काचांचे मध्य बसवले सहासष्टवर. प्रत्येक डोळ्याला तीन मिलिमीटरची चूक. ०.३ गुणिले ६, म्हणजे १.८, आणि दोन्ही डोळे मिळून ३.६ प्रिझम. कागदावरचा नंबर अगदी बरोबर, काचेचा नंबर मशीनवर अगदी बरोबर, आणि माणूस संध्याकाळी कपाळ दाबत बसलेला. एक काच दुसरीपेक्षा दोन मिलिमीटर वर-खाली झाली तर आणखी वाईट, कारण वर-खाली वेगवेगळं वळायची डोळ्यांना जवळजवळ सवयच नसते. गिऱ्हाईक म्हणतं, "नंबर चुकलाय." नंबर चुकलेला नसतो.

पुढे या मिलिमीटरांचं महत्त्व वाढतच गेलं. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार मेतेना याच्या कामातून व्हॅरिलक्स ही काच बाजारात आली, आजच्या प्रोग्रेसिव्ह काचांची आजी. वर लांबचं, खाली जवळचं, आणि मध्ये रेघ नाही. पण त्यासाठी फ्रेम चेहऱ्यावर बसवून, माणसाला समोर बघायला लावून, प्रत्येक बाहुलीची उंची डमी काचेवर पेनने टिंब करून घ्यावी लागते. हे टिंब दोन-तीन मिलिमीटरने चुकलं तर महागाची काच कपाटात पडून राहते आणि माणूस जुन्या चष्म्याने पेपर वाचतो.

या मधल्या माणसाची सरकारला गरज केव्हा पटली, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्रिटनचं. ५ जुलै १९४८ ला तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि चष्मे फुकट मिळू लागले. पहिल्याच वर्षात पन्नास लाखांहून जास्त चष्मे गेले. सरकार चक्रावलं. ही माणसं काय हौसेने चष्मा लावत होती? इतकी वर्षं बाजारातले तयार चष्मे लावून किंवा डोळे बारीक करून त्यांनी दिवस काढले होते. १९५१ मध्ये अर्थमंत्री गेट्स्केल यांनी चष्मे आणि कवळ्यांवर निम्मा खर्च आकारायचं ठरवलं, आणि ही सेवा उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी एप्रिलमध्ये राजीनामा दिला. चष्म्यांवरून मंत्री गेल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी माहीत नाही. मग १९५८ मध्ये ऑप्टिशियन्स कायदा झाला. नंबर काढणारे आणि चष्मा करून देणारे अशा दोघांचीही नोंदणी, दोघांनाही परीक्षा, दोघांवरही एक परिषद. मधल्या माणसाला पहिल्यांदा कायद्याने नाव मिळालं. १९८४ च्या कायद्याने मोठ्या माणसांचे चष्मे विकायची मोकळीक इतरांनाही दिली. पण सोळा वर्षांखालची मुलं आणि दृष्टिहीन म्हणून नोंद असलेली माणसं यांचे चष्मे मात्र आजही नोंदणी असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच द्यावे लागतात. ही दोन टोकं त्यांनी का राखली असतील? मला वाटतं, तक्रार कुणाला करता येत नाही, हे बघून. सहा वर्षांच्या पोराला चष्मा चुकलाय हे सांगता येत नाही. जग असंच दिसतं, असं ते धरून चालतं.

आपल्याकडे हे काम अजूनही उस्तादाच्या हाताखाली शिकलं जातं. काचा घासणारा, ग्रूव्ह पाडणारा, स्क्रू आवळणारा फिटर आतल्या खोलीत असतो आणि गिऱ्हाईक त्याचा चेहराही बघत नाही. २०२१ मध्ये आरोग्यसेवेतल्या इतर व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टना जागा मिळाली, ही चांगलीच गोष्ट. आतल्या खोलीतल्या माणसाकडे मात्र अजून कुणाचं फारसं लक्ष गेलेलं नाही.

आता एक उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख धंद्याची जाहिरात वाटेल. तयार चष्मा वाईटच असतो असं नाही. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये ती लॅन्सेटच्या जागतिक आरोग्याच्या अंकात छापून आली. ज्यांना जवळचे चष्मे आधी दिले त्यांची पानं खुडण्याची कामगिरी, न दिलेल्यांच्या मानाने जवळजवळ बावीस टक्क्यांनी जास्त वाढली. साधी चाळिशी हो! स्फोर्झाच्या दरबारात वाटली तशीच. दोन्ही डोळे सारखे असतील, दूरचा नंबर आणि सिलिंडर नसेल, तर पाटीतला चष्माही माणसाची मजुरी वाढवतो. तिथे आम्ही मध्ये उभं राहून अडवणूक करू नये. पण कुणाला पाटीतला चालेल आणि कुणाला नाही, हे पाटी सांगत नाही. ते सांगायला कुणीतरी समोर बसून चेहऱ्याकडे बघावं लागतं.

म्हणून सगळ्या आत्या-मावश्यांना आणि ब्लॉगमित्रांना एक विनंती. नवा चष्मा घ्यायला गेलात की फ्रेमच्या किमतीआधी एवढं बघा. समोरच्या माणसाने तुमची पीडी मोजली का? फ्रेम तुमच्या नाकावर ठेवून समोरून पाहिलं का? चष्मा हातात देताना काड्या नीट केल्या का? नसेल केलं तर हक्काने करून घ्या. आणि चष्मा लावून आठवडाभराने डोकं दुखत असेल, तर नंबर चुकला म्हणून परत डॉक्टरांकडे धावण्याआधी एकदा दुकानात जा आणि काचेचा मध्य तपासून द्या म्हणा. घरातल्या लहान मुलांच्या बाबतीत तर हे विसरूच नका. ती सांगणार नाहीत.